लाल-हिरवा की नुसता हिरवा? नागपुरात मायक्रोअ‍ॅरे करणाऱ्यांसाठी

मायक्रोअ‍ॅरे म्हणजे जनुकांचे तुकडे ठिपक्यांनी मांडलेली काच; नमुन्यातला आरएनए (चालू जनुकाची नक्कल) रंगवून तिच्यावर सोडला की कोणतं जनुक किती चालू आहे ते ठिपक्याच्या चमकेवरून कळतं. सिक्वेन्सिंगच्या (आरएनए थेट वाचण्याच्या) काळात मायक्रोअ‍ॅरे कशाला, असं वाटणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. पण ज्यांच्या विभागात स्कॅनर उभा आहे, स्लाइड मंजूर झाल्यात आणि कोणती जनुकं चढली, कोणती उतरली एवढंच बघायचंय, त्यांना एक निर्णय घ्यावाच लागतो. एका अ‍ॅरेवर दोन नमुने बसवायचे, एक साय-थ्री या डायच्या (चमकणाऱ्या रंगाच्या) हिरव्यात आणि दुसरा साय-फाइव्हच्या लाल रंगात? की प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र अ‍ॅरे द्यायचा, नुसत्या साय-थ्रीत? मी दोन्ही केलंय. काही कंपन्यांच्या स्लाइड दोन्हीला चालतात, त्यामुळे लेबलिंगच्या, म्हणजे नमुन्याला रंग लावण्याच्या दिवसापर्यंत मन बदलता येतं.

दोन रंगांची पद्धत मुळात हुशारीची आहे. १९९५ साली स्टॅनफर्डच्या गटाने अरॅबिडॉप्सिसची ४५ जनुकं काचेवर मांडली, ती दोन रंगांनीच वाचली. तेव्हा ठिपके यंत्राच्या सुईने छापले जायचे आणि एक ठिपका जाड, दुसरा पातळ होणारच. दोन्ही नमुने एकाच ठिपक्यावर सोडले की जाडी-पातळीचा हिशेब गुणोत्तरात आपोआप मिटतो. आता प्रोब (जनुकांचे ते तुकडे) काचेवरच जागच्या जागी तयार होतात, ठिपके बऱ्यापैकी एकसारखे येतात. म्हणजे ज्या अडचणीवर हा तोडगा होता, ती अडचणच बरीचशी उरलेली नाही. मायक्रोअ‍ॅरेचे निकाल कितपत भरवशाचे हे तपासणाऱ्या २००६ च्या एमएक्यूसी प्रकल्पात दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या होत्या, निकाल चांगले जुळले. तेव्हा अचूकतेवरून भांडायला फारसा वाव नाही. भांडण आहे ते सोयीचं, आणि माझ्या मते हवेचं.

माझं काम संत्र्याचं. काटोलकडच्या बागेत मृग बहारासाठी झाडाला मे महिन्यात ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. ताणाआधी, ताणात आणि पाणी सोडल्यावर फांदीवरच्या डोळ्यांमध्ये (अंकुरांमध्ये) कोणती जनुकं जागी होतात, विशेषतः फुलोऱ्याशी जोडलेलं एफटी, हे बघायचं होतं. नमुने मेचे, आरएनए मेचा आणि प्रकल्पाच्या तारखा अशा की स्लाइडही उन्हाळ्यातच. सुरुवात दोन रंगांनी केली.

हायब्रिडायझेशन (नमुना ठिपक्यांना चिकटवणं) व्यवस्थित, वॉश (न चिकटलेला नमुना धुऊन काढणं) व्यवस्थित, आणि स्कॅनरवर लाल वाहिनी (साय-फाइव्हची चमक) फिकी. सगळीकडे सारखी फिकी असती तर नॉर्मलायझेशनने (आकडे एका पातळीवर आणून) सांभाळलं असतं. ही कडेला जास्त, मध्ये कमी. आधी स्कॅन केलेल्या स्लाइडवर थोडी, शेवटच्या स्लाइडवर भरपूर. हिरवा रंग मात्र जिथल्या तिथे. डाय नवी मागवली, आरएनए पुन्हा तपासला, पण फरक पडेना.

कारण होता ओझोन. साय-फाइव्ह ५ ते १० पीपीबी (अब्जात इतके भाग) ओझोनमध्येही १० ते ३० सेकंदांत खराब होऊ लागते, हे २००३ मध्येच छापून आलंय. साय-थ्री मात्र १०० पीपीबीपर्यंत फारशी दाद देत नाही. आपल्याकडे हवेतल्या ओझोनची आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे साधारण ५० पीपीबी. कागदोपत्री जी हवा स्वच्छ, तिच्यातलाही ओझोन लाल रंगाला कितीतरी पट जास्त. त्यात गाड्यांचा धूर आणि कडक ऊन एकत्र आलं की दुपारी ओझोन वाढतो, आणि नवतप्यातल्या नागपूरच्या उन्हाबद्दल मी वेगळं काय सांगू! बंद खोलीत एसी आतलीच हवा फिरवतो. आमच्याकडे मात्र भिंतीएवढा डक्ट कूलर होता. तो बाहेरची हवा दिवसभर ओढून थेट वॉशच्या टेबलावर सोडायचा. वर दाराशी झेरॉक्स मशीन, तेही ओझोन सोडणारंच.

डाय-स्वॅपने हे सुटेल असं सुचवणारे भेटतात. रंग अदलाबदल केल्याने एखाद्या जनुकाचा एखाद्या रंगाकडे असलेला कायमचा कल कटतो. पण ओझोनचं नुकसान प्रत्येक स्लाइडवर निराळं, ते कशातून वजा करणार? शिवाय डाय-स्वॅप म्हणजे अ‍ॅरे दुप्पट. दोन रंगांत स्लाइड वाचतात, हा हिशेब तिथेच संपतो.

एका रंगात सगळं सुरळीत असतं असं नाही. तिथे तुलना स्लाइडच्या बाहेर होते, म्हणून सोमवारची बॅच आणि गुरुवारची बॅच यांत फरक पडला तर तो थेट निकालात दिसतो. आठ अ‍ॅरेच्या स्लाइडवर सगळे नियंत्रण नमुने एकीकडे आणि सगळे ताणाचे दुसरीकडे ठेवलेत, तर मग संख्याशास्त्रही वाचवणार नाही, मिसळूनच ठेवा. पण एक नमुना बिघडला तर तेवढाच टाकून देता येतो, जोडीदाराला घेऊन बुडत नाही. पुढच्या बहाराचे नमुने आले तर तेही जोडता येतात. बॅचचा फरक सांभाळावा लागतो खरा, पण दोन रंगांत दर वेळी तुलनेला घेतात तो संदर्भाचा आरएनए संपला म्हणून अडून बसावं लागत नाही.

तुमची तुलना खरोखर दोनच बाजूंची असेल, एकाच झाडाची रोगट आणि निरोगी फांदी वगैरे, तर दोन रंग अजूनही सरस ठरू शकतात. तुमच्याकडे कार्बन फिल्टर बसवलेली बंद खोली असेल, तर माझी तक्रार तुम्हाला लागूही पडणार नाही. आरएनए उणे ८० अंशांत ठेवून काम डिसेंबरवर ढकलता येत असेल, तरी बराच फरक पडेल, फक्त हिवाळ्यातही ओझोन शून्य नसतो. तेव्हाही वॉश सकाळी लवकर उरका आणि स्लाइड वाळल्या वाळल्या स्कॅनरमध्ये घाला. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल, तर साय-फाइव्हच्या पैशात साय-थ्रीच थोडी जास्त मागवा. आमच्याकडे आता मे असो की जानेवारी, तीच चालते, आणि कूलर सुरूच असतो.