"दुकान बंद होतंय, ८०% पर्यंत सूट": स्कॉटलंडात शिकारीच्या वॉटरप्रूफ जॅकेटच्या नावाखाली घातलेली टोपी

यूकेत राहणाऱ्या आणि डोंगरात फिरणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितोय, स्कॉटलंडात नवीन आलेल्यांसाठी तर खासच, कारण थंडी सुरू झाली की या जाहिराती फीडमध्ये परत डोकं वर काढतात. पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा दुकानाच्या दारात उभे, आजोबांच्या गळ्यात मोजपट्टी, "इतक्या वर्षांचं आमचं छोटं दुकान जड मनाने बंद करतोय" असा मजकूर, आणि खाली शेवाळी रंगाचं एकदम झकास स्टॉकिंग (म्हणजे लपत-सरपटत हरणाची शिकार करायचं) जॅकेट, ३४० पौंडांचं ८९ पौंड ९५ पेन्सला. हे दुकान कुठेही नाहीये, आणि माझ्या अंदाजाने ते आजी-आजोबाही कॉम्प्युटरवरच जन्माला आलेले आहेत.

आधी थोडं बॅकग्राउंड, नाहीतर "शिकार" वाचूनच काही जण पुढचं वाचायचे नाहीत. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणाला हात लावायचा प्रश्नच नाही आणि ते बरोबरच आहे, पण स्कॉटलंडची गोष्ट उलटी आहे, तिथले लांडगे माणसाने कधीच संपवले, त्यामुळे रेड डिअरला खाणारं कोणी उरलं नाही, संख्या वाढत जाते आणि नवीन झाडाचं रोपटं वर यायच्या आत चरलं जातं. म्हणून दरवर्षी ठरवून हरणं मारावी लागतात. माद्यांचा सीझन २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, नरांवरची हंगामी शिकारबंदी २०२३ मध्ये उठवली. मी इन्व्हर्नेसला असतो, बंदुकीचं लायसन्स माझ्याकडे नाही, ऑफिसातला एक मित्र स्टॉकिंग करतो त्याच्यासोबत दुर्बीण घेऊन बघायला आणि मारलेलं जनावर ओढत खाली आणायला जातो. मटण आवडणाऱ्यांनो, त्या मोबदल्यात जे व्हेनिसन (हरणाचं मांस) मिळतं त्याचा रस्सा कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कसा लागतो ते कधीतरी वेगळं लिहीन.

तर माद्यांचा सीझन म्हणजे ऐन हिवाळा. डिसेंबरात इथे उजेड जेमतेम साडेसहा तास, वारा आडवा, आणि पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी तोंडावर येत राहतं. आपण सह्याद्रीत भर जुलैत भिजून फिरलेलो असतो, त्यामुळे "पावसाचं काय एवढं" असं वाटतं, पण तिकडचा पाऊस कोमट असतो हो, भिजलं तरी घरी येऊन चहा-भजी खाल्ली की विषय संपला. इथे तीन-चार डिग्रीत अंगातला कपडा ओला झाला आणि मग तुम्ही तासभर दगडाआड न हलता पडून राहिलात तर हायपोथर्मिया ही पुस्तकातली गोष्ट राहत नाही. आणि स्टॉकिंगमध्ये पडून राहणं हेच मुख्य काम आहे. शेवटचे दोनशे-तीनशे मीटर पोटावर सरपटत, दलदलीतून, कधी कधी ओढ्याच्या पात्रातूनच.

म्हणून जॅकेट नुसतं वॉटरप्रूफ असून भागत नाही. हरणाला वास आणि आवाज भयंकर पटकन कळतो, त्यामुळे ट्रेकिंगचं ते चुरचुर वाजणारं कापड चालत नाही, वरून मऊ, ब्रश केलेलं कापड लागतं. कोपरं आणि खांदे मजबूत हवेत कारण कोपरांवर सरपटायचं आणि खांद्यावर बंदुकीचा पट्टा घासतो. जुने स्टॉकर अजूनही ट्वीड (जाड लोकरी कापड) घालतात, प्रत्येक इस्टेटचं, म्हणजे मोठ्या खासगी जमिनीचं, स्वतःचं ट्वीड असतं, ते आवाज करत नाही आणि ओलं झालं तरी ऊब देतं, पण वॉटरप्रूफ नाही. म्हणजे आवाज नको, पाणी नको, हवा खेळती हवी, हे सगळं एकात पाहिजे तर चांगल्या कंपनीचं जॅकेट तीनशे-चारशे पौंडांना जातं. हीच फट त्या लोकांना बरोबर सापडली आहे.

जाहिरातीतली भाषा अगदी माहितगार माणसाची होती. थ्री-लेयर मेम्ब्रेन (पाणी अडवणारा आतला पातळ थर), २०,००० मिमी, सगळ्या शिवणी टेप केलेल्या, "सायलेंट" कापड. सोबत व्हिडिओ: जॅकेटवर नळाचं पाणी सोडलंय आणि थेंब मोत्यांसारखे घरंगळून जातायत. खाली शेकड्याने रिव्ह्यू.

आता या व्हिडिओची गंमत नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ इथे आहे. थेंब घरंगळतात ते कापडावर मारलेल्या वॉटर-रिपेलंट फवाऱ्यामुळे, त्याचा आतल्या मेम्ब्रेनशी काही संबंध नाही. साध्या विंडचीटरवर तो फवारा मारला तरी थेंब तसेच पळतात, अर्ध्या तासाच्या खऱ्या पावसात मात्र कापड पाणी प्यायला लागतं. उलट खरं महागडं जॅकेट जुनं झालं की बाहेरून ओलंगिच्च दिसतं, फवारा उतरलेला असतो, पण मेम्ब्रेन शाबूत असेल तर आत पाणी येत नाही. म्हणजे व्हिडिओत जे दाखवतात त्यावरून काहीच ठरत नाही.

२०,००० मिमीचंही तेच. हा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते झिरपायला लागतं, याचं लॅबमधलं माप. ब्रिटनमध्ये १,५०० मिमीला सुद्धा वॉटरप्रूफ म्हणतात, तेवढं सरळ उभं राहून झेललेल्या पावसाला पुरतं, पण गुडघा किंवा कोपर ओल्या मातीत रुतलं की तिथला दाब कितीतरी पट होतो, म्हणून मोठा आकडा बघायचा. पण तो आकडा कापडाचा, शिवणीचा नाही. सुईने पाडलेली हजारो भोकं टेपने बंद केली नसतील तर लाखाचा आकडा छापा, उपयोग शून्य. आणि वेबसाइटवर आकडा छापायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा मात्र मी भुललो आणि ते मागवलं. "४८ तासांत स्कॉटलंडमधून रवाना" असं लिहिलेलं पार्सल आलं तीन आठवड्यांहून जास्त उशिरा, राखाडी प्लॅस्टिकच्या पिशवीत, चुरगळून विटेसारखं चपटं केलेलं. पिशवीवर कस्टमची चिठ्ठी, पाठवणारा चीनमधला, वस्तू "कोट", किंमत ९ डॉलर. बायकोने ती चिठ्ठी आधी वाचली आणि म्हणाली, "अहो, ती पिशवी टाकू नका." तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा सल्ला ठरला, पुढे बँकेत हीच चिठ्ठी कामाला आली.

दिसायला जॅकेट वाईट नव्हतं. आत जाळीचं अस्तर होतं, त्यामुळे शिवणी दिसतच नव्हत्या, आणि अस्तर त्यासाठीच असतं अशा मालात. पुढच्याच शनिवारी घालून गेलो. चढताना भुरभुर होती तोपर्यंत ठीक, थेंब व्हिडिओतल्यासारखे पळत होते, मलाही बरं वाटलं. वर पोचल्यावर पहिल्यांदा झोपून सरपटायला लागलो आणि काही मिनिटांत दोन्ही कोपरं गार, मग खांद्याच्या शिवणीतून पाण्याची बारीक रेघ पाठीवरून थेट कमरेपर्यंत. वर जॅकेट ओलं झाल्यावर कडक झालं आणि हात पुढे टाकला की वेफर्सच्या पिशवीसारखं वाजायला लागलं. मित्राने मागे वळून नुसतं बघितलं. माद्यांचा कळप मान वर करून उभा, आणि मग गेलाच टेकडीपलीकडे. दात वाजायला लागले तसं त्याने मला परत फिरवलं, तो दिवस त्याचाही गेला.

घरी आल्यावर अस्तराची शिवण कात्रीने उसवली. आत खांद्यावर बोटभर टेप होती, तीही अर्धी निघालेली, बाकी बाह्या, बगला, टोपी सगळीकडे उघडे टाके. बाही खालून बांधली, किचनच्या सिंकवर धरली आणि तांब्याने पाणी ओतलं. टाक्याटाक्यातून थेंब, एका रांगेत, शिलाई जशी जाते तशी. मेम्ब्रेन म्हणजे आतून मारलेला पांढरा पातळ थर, नखाने खरवडला तर भुकटी निघत होती. याचा व्हिडिओ काढून ठेवला.

आता खरी फसवणूक इथून पुढे आहे, जॅकेट हा फक्त आमिषाचा भाग.

मी मेल केला. रात्री तीनला उत्तर, एका गोड इंग्लिश नावाच्या बाईच्या सहीने: फार वाईट वाटलं, तुम्ही आमचे लाडके ग्राहक, जॅकेट ठेवून घ्या आणि १५% परत घ्या, नाहीतर एखाद्या नातेवाइकाला भेट द्या. मी म्हटलं नको, सगळे पैसे हवेत. मग २५%. मग "आमचं गोडाऊन आशियात आहे, परत पाठवायचा खर्च तुमचा, तो जॅकेटच्या किमतीला भारी पडेल, म्हणून तुमच्या भल्यासाठी ३५%". मग ५०%, "मॅनेजरकडून खास परवानगी काढून". भाजी मंडईत सुद्धा इतकी घासाघीस होत नाही. प्रत्येक मेलच्या मध्ये तीन-चार दिवस जाऊ देतात, आणि हे मुद्दाम असतं, कारण कार्डावरून पैसे परत मागायची मुदत, सहसा १२० दिवसांची, तेवढ्यात संपत येते. एकदा का तुम्ही टक्केवारी घेतली की "ग्राहकाने तोडगा मान्य केला" म्हणून बँकेपुढे ते तोच मेल ठेवतात. आणि खरंच चीनला पार्सल पाठवलंत तर "मिळालंच नाही" किंवा "वेगळीच वस्तू आली".

किमतीतही डाव आहे. यूकेत १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं ७५ वं कलम आहे, क्रेडिट कार्डाने १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतची वस्तू घेतली तर दुकानदाराइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार असते. ८९.९५ ला हे कलम लागतच नाही. योगायोग असेल तर असेल, मला नाही वाटत.

राहतो चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत कार्डाचे पैसे परत मागणं, तो क्रेडिट-डेबिट दोन्ही कार्डांवर चालतो, पण कायदा नाही, कार्ड नेटवर्कचा नियम आहे, त्यामुळे अर्ज नीट लिहावा लागतो. "आवडलं नाही", "क्वालिटी खराब" असं लिहिलंत तर बोंबललं, "वर्णनाप्रमाणे वस्तू नाही" हेच शब्द हवेत. मी जोडलं ते असं: जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट, त्यात टेप केलेल्या शिवणींचा दावा, मग उसवलेल्या अस्तराचे फोटो, सिंकचा व्हिडिओ, कस्टमची चिठ्ठी, आणि एक मेल ज्यात मी यूकेतला परतीचा पत्ता स्पष्ट मागितला होता आणि त्यांनी तो टाळला होता. बँक पहिला प्रश्न हाच विचारते, वस्तू परत करायचा प्रयत्न केला का. बँकेने सुरुवातीला नाही म्हटलं, मी फाइल परत पाठवली, मग पूर्ण पैसे आले. दोन महिने गेले मधे.

खरं तर २०१३ च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन खरेदी मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते, आणि परतीचा खर्च ग्राहकाचा असं आधी सांगितलं नसेल तर तो विक्रेत्यावर पडतो. खोट्या रिव्ह्यूंवरही एप्रिल २०२५ पासून बंदी आहे. पण विक्रेता इथे असेल तर ना! कायदा आहे, पकडायला कॉलर नाही.

घ्यायच्या आधी काय बघायचं म्हणाल तर, यूकेतल्या कंपनीला वेबसाइटवर रजिस्टर्ड नाव, नंबर आणि पत्ता द्यावा लागतो, तो कंपनीज हाउसच्या (कंपन्यांची सरकारी नोंदणी) साइटवर फुकट तपासता येतो, पाच मिनिटांचं काम. डोमेन (साइटचं नाव-पत्ता) कधी घेतलंय ते बघा, "चाळीस वर्षांचं दुकान" आणि डोमेन तीन महिन्यांचं असं हमखास निघतं. फोटो टाकून तो आणखी कुठे वापरलाय ते सर्च करा (रिव्हर्स इमेज सर्च), मला तेच आजोबा आयर्लंडच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या दुकानाच्या दारातही सापडले, तिथेही जड मनाने दुकान बंद करत होते. जॅकेट हातात आलं तर अस्तराआड शिवणी बघायची सोय आहे का ते बघा, आणि कापडाला तोंड लावून जोरात फुंका, मेम्ब्रेन असेल तर हवा आरपार जात नाही. बजेट कमी असेल तर चांगल्या कंपनीचं वापरलेलं जॅकेट गावातल्या दुकानात हाताळून घ्या, फक्त आतला थर चिकट लागतोय किंवा पोपडे सुटतायत का ते तपासा. मी शेवटी तेच केलं.

ज्यांची मेलामेली सध्या चालू आहे त्यांनी टक्केवारीला हो म्हणू नका आणि प्रॉडक्टच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, माझ्या केसमध्ये बँकेचं पत्र गेल्यावर आठवड्याभरात ती साइटच उडाली होती. स्कॉटलंडात तक्रार पोलिसांच्या १०१ वर करता येते, रेफरन्स नंबर मागून घ्या, तोही चार्जबॅकच्या फाइलला जोडता येतो.