फाशी, समलिंगी विवाह आणि डिजिटल एससीआर: वाद घालण्याआधी वापरून बघा

लातूर-नांदेडच्या कट्ट्यावर फाशी आणि समलिंगी विवाह या दोन्ही विषयांवर मतं भरपूर. मूळ निकाल वाचलेला माणूस विरळाच. सर्वोच्च न्यायालयाचं डिजिटल एससीआर (न्यायालयाच्या निकालांचा अधिकृत संग्रह) हे संकेतस्थळ त्यासाठी फुकट आहे, आणि झकास आहे. नुसता विषय टाकून शोधलं तर ढिगारा येतो. पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाका. समलिंगी विवाहासाठी ‘२०२३ आयएनएससी ९२०’ हा निकालाचा क्रमांक इंग्रजी अक्षरांत (2023 INSC 920) टाका.

खरी फसगत पुढेच. समलिंगी विवाहाच्या या खटल्यात, म्हणजे सुप्रियो प्रकरणात, पाच न्यायाधीशांची चार निकालपत्रं आहेत. पहिलं तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांचं. जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देणारं, पण अल्पमतातलं! तेवढंच वाचून लोक उलटाच निष्कर्ष काढतात. न्या. भट आणि न्या. नरसिंह यांची वाचल्याशिवाय ही मान्यता नाकारणारं ३-२ बहुमत उमगत नाही. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर मात्र पाचही न्यायाधीशांचं एकमत.

फाशीसाठी बच्चनसिंग खटला शोधा: १९८० चा निकाल, ४-१ बहुमताने फाशी घटनेत बसते असं ठरवणारा. न्या. भगवतींच्या विरोधी मताची कारणं त्यात सापडणार नाहीत, ती १९८२ मध्ये वेगळी आली. फाशीविरुद्ध इतकं कसदार क्वचितच कुणी लिहिलंय.

मराठी अनुवाद काही निकालांचेच, तेही समजून घेण्यापुरते. कोर्टात इंग्रजीच प्रमाण. सुप्रियोची पानं शेकड्यांत आहेत, रेंज असेल तिथेच पीडीएफ उतरवून ठेवा.