पिंक फ्लॉइड की ग्रेटफुल डेड: आधी काय ऐकावं?

सायकेडेलिक रॉककडे (स्वप्नवत, धुंद वाटणाऱ्या रॉककडे) नुकत्याच वळलेल्या भाचीला या दोघांपैकी एक निवडता येईना. दोन्ही बँड १९६५ सालचे. फ्लॉइड लंडनचा, डेड कॅलिफोर्नियाचा.

कान रुळायला फ्लॉइड सोपे. १९७३चा 'द डार्क साइड ऑफ द मून' जेमतेम ४३ मिनिटांचा. घड्याळं, हृदयाचे ठोके, गल्ल्याचा खणखणाट, सगळं नेमक्या जागी. शब्दही थेट भिडतात: वेळ, पैसा, वेड. (१९६७च्या पहिल्या अल्बममधला सिड बॅरेट या सुरुवातीच्या गायक-गिटारवादकाचा खट्याळ फ्लॉइड मात्र निराळाच, आणि माझा फार लाडका.)

डेड स्टुडिओत पूर्ण सापडत नाहीत. 'डार्क स्टार' हे गाणं १९६८च्या रेकॉर्डवर तीन मिनिटांचंही नाही; १९६९च्या 'लाइव्ह/डेड' या मैफलींच्या अल्बमवर तेच २३ मिनिटं चालतं. ख्यालात बंदिश निमित्तमात्र होऊन विस्तार सुरू व्हावा, तसं. जेरी गार्सियाची गिटार आणि फिल लेशचा बेस एकमेकांना विचारत पुढे जातात. मधेच ते भरकटतातही, आणि तेवढा धीर ठेवावा लागतो.

खर्चाचं म्हणाल तर डेडनी श्रोत्यांना मैफली टेप करू दिल्या, म्हणून ढीगभर ध्वनिमुद्रणं फुकट ऐकता येतात. त्यातून निवडायची मेहनत आपली. ८ मे १९७७ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल आधी घ्या.

एका बैठकीत अखंड, कोरीव काही हवं असेल तर फ्लॉइड. शास्त्रीय मैफलीत रमणाऱ्यांनी, एकच गाणं दहा तऱ्हांनी ऐकायची हौस असणाऱ्यांनी डेडकडे जावं. भाची सतार शिकते. तिला मी डेडच सुचवले.