कॅमेऱ्याचं कानकोरणं, नऊ महिने वापरून: चित्र झकास, पण स्टॉपर कुठाय?

मोबाइलला जोडायचं हे कॅमेऱ्याचं कानकोरणं मी दिवाळीच्या सेलमध्ये १,३४९ रुपयांना घेतलं. मेगापिक्सेल किती, दिवे किती, चार्जिंग किती टिकतं, हे तुम्ही वाचलेलंच असणार, म्हणून परत लिहीत नाही. पहिले आठ महिने कुणी विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते. जुलैत माझा उजवा कान बंद पडला आणि मत साफ फिरलं. पुढं ऑगस्टमध्ये ते परत थोडं बदललं. सगळं क्रमानं सांगतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. शेजारी दिवसभर ग्राइंडिंग चालतं, त्यामुळं कानात फोमचे बोळे घालावे लागतात आणि संध्याकाळी कान खाजतात. आमच्या आजोबांकडं हुपरीच्या चांदीचं कानकोरणं होतं, दातकोरण्याबरोबर एकाच कडीत ओवलेलं. ते नुसतं अंदाजानं चालायचं. इथं स्वतःच्या कानाची भिंत, केस, पिवळा मळ स्क्रीनवर दिसतोय म्हटल्यावर मला फार आनंद झाला. दर रविवारी जेवण झालं की मी ते घेऊन बसायचो. टोकाच्या चमच्यावर थोडाफार मळ यायचा आणि काम झाल्यासारखं वाटायचं.

जुलैतल्या एका रविवारी डोक्यावरून आंघोळ केली आणि उजव्या कानाला दडा बसला. पाणी गेलं असेल म्हणून मान वाकडी करून एका पायावर उड्या मारल्या, जांभया दिल्या, काही फरक पडला नाही. स्वतःचं बोलणं घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं घुमायला लागलं. भाकरी चावली की आवाज डोक्यात व्हायचा, पण समोरचा माणूस काय म्हणतोय ते कळायचं नाही. रस्त्यावर हॉर्न वाजला की तो कुठल्या बाजूनं आला हेच समजेना. दिशा कळायला दोन्ही कान लागतात, हे मला त्या आठवड्यात कळलं.

माझं निम्मं काम कानावर चालतं. लेथवर टूल कंप घ्यायला लागलं की पलीकडच्या टोकाला उभा असलो तरी मला ऐकू येतं. त्या सोमवारी ते आलं नाही आणि दोन बुश भंगारात गेले. त्याच दिवशी प्रयाग चिखलीहून ताईचा फोन आला. पंचगंगा चढत होती. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, त्यामुळं आमच्याकडं पावसाळ्यात फुटाफुटाला अर्थ असतो. ताई आकडा सांगत होती आणि मी सवयीनं उजव्या कानाला फोन लावून ‘किती? किती?’ करत होतो. शेवटी फोन बायकोकडं दिला. जनावरं कधी हलवायची याचं बोलणं चाललेलं आणि मला बहिणीचा शब्द कळत नाही, याचं फार वाईट वाटलं.

रात्री कॅमेरा घातला. पुढं गडद तपकिरी भिंत, बाकी काही नाही. मी चमचा लावून ती उकरायला गेलो, जोराची कळ आली आणि थांबलो. ते तिथंच थांबवलं हे बरं झालं.

राजारामपुरीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी कानात बघितलं आणि मग एक चिमटा वाजवून माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवला. तो ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. “आवाज कुठल्या कानात येतोय?” मी म्हटलं, बंद कानात. ते म्हणाले, मग चांगलं आहे. कान मळानं अडला असेल तर हाडातून जाणारा आवाज त्याच कानात मोठा वाटतो. नस बिघडली असेल तर तो चांगल्या कानाकडं जातो. घरी तोंड मिटून ‘हूं’ केलं तरी साधारण अंदाज येतो, पण त्यावर विसंबून घरी बसू नका असं त्यांनी बजावलं. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं आणि कारण नसेत असलं, तर ती तातडीची गोष्ट असते. स्टेरॉइडचे उपचार लवकरात लवकर, पहिल्या दोन आठवड्यांच्या आतच सुरू व्हावे लागतात. दडा बसलाय, सुटेल आपोआप, म्हणून लोक महिनाभर काढतात आणि वेळ निघून जाते. माझे सासरे तसेच बसले असते, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहितोय.

मळ कडक होता, म्हणून आधी पाच दिवस थेंब दिले. बाटलीवर वाचलं तर टर्पेंटाइन तेल १५ टक्के. रंगाच्या ब्रशला लावतो तेच नाव बघून मी दचकलो, पण मळ मऊ करणाऱ्या थेंबांत ते असतं. पडद्याला भोक असेल तर मात्र असले थेंब घालायचे नाहीत, म्हणून कान दाखवल्याशिवाय दुकानातून आणू नका. दुसऱ्या दिवशी कान आणखी बंद झाला. मळ मऊ होताना फुगतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून धीर धरला. आंघोळीनंतर दडा बसला त्याचंही कारण तेच. मळ आधीपासून साठलेला होता, पाणी पिऊन तो फुगला आणि उरलीसुरली फट बुजली.

सहाव्या दिवशी सक्शननं काढला. नळीचा आवाज मोठा होतो, क्षणभर गरगरलं, आणि एकदम बाहेरचा पाऊस ऐकू आला. पत्र्यावरचा पाऊस, पंखा, बाहेर बाकावर कुणीतरी पिशवी चुरगाळत होतं, तीसुद्धा. माझे डोळे भरून आले. निघालेला गोळा तुरीच्या दाण्याएवढा होता.

डॉक्टरांनी विचारलं, कानात काय घालता? मी खिशातून यंत्र काढून दाखवलं. मळ तयार होतो तो कानाच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात. कातडी आतून बाहेर सरकत असते आणि मळ आपोआप तोंडाशी घेऊन येते. हा गोळा पार पडद्याजवळ होता, म्हणजे तो कुणीतरी ढकलत नेलेला. फोमच्या बोळ्यांनी थोडा नेला, माझ्या दर रविवारच्या कोरण्यानं बाकीचा.

आता मूळ तक्रारीवर येतो. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण २५ मिमी लांब असते. घरी येऊन मी व्हर्नियर लावला. टोकापासून मुठीच्या खांद्यापर्यंत सळई भरली ३८ मिमी. म्हणजे मूठ कानाला टेकण्याच्या १३ मिमी आधीच टोक पडद्यावर पोचतं! मध्ये अडवायला काहीही नाही, साधी रेघसुद्धा मारलेली नाही. कॅमेऱ्याचं भिंग एकच, त्यामुळं चित्र कितीही स्वच्छ असलं तरी टोक किती आत गेलं हे त्यात कळत नाही. आमच्याकडं दोनशे रुपयांचा जॉब असला तरी ड्रिलला ठरल्या खोलीवर अडवणारा डेप्थ स्टॉप लावल्याशिवाय पोरगं हँडल दाबत नाही. लोखंडाला जी काळजी घेतो ती माणसाच्या कानाला का नको? स्टॉपर म्हणजे काय, सळईवर एक रबरी कॉलर, जेमतेम दोन रुपयांची.

कंपनीला मी पाच मेल केले, मोजमाप टाकून, चित्र काढून. पहिल्याला उत्तर आलं ते जादा चमच्यांच्या पाकिटाच्या लिंकचं. दुसऱ्याला कळवलं की परत करायची सात दिवसांची मुदत संपली. मी परत करतच नव्हतो, मी स्टॉपर मागत होतो. पुढच्या तिन्हींना उत्तर नाही. त्या दिवशी मी एक स्टार दिला.

ऑगस्टमध्ये आईचा कान खाजायला लागला, जड वाटायला लागला. शेजारच्या काकूंनी लसूण घालून कोमट केलेलं तेल सोडलं, तरी कमी होईना. मी चमचा काढून टाकला आणि नुसता कॅमेरा कानाच्या तोंडाशी धरला. आत मळ नव्हताच. ओल्या कागदाच्या लगद्यासारखं पांढरट आणि त्यावर काळे ठिपके. दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांकडं नेलं. बुरशी. पावसाळी दमट हवा, त्यात तेल, त्यात आईला मधुमेह. कान साफ केला, बुरशीचे थेंब दिले, कान कोरडा ठेवायला सांगितलं आणि साखर तपासायला लावली. चित्र दिसलं नसतं तर मी माझेच उरलेले मळाचे थेंब तिच्या कानात घातले असते. म्हणून एकाचे तीन स्टार केले. बघायला हे यंत्र खरंच चांगलं आहे, कोरायला घेऊ नका.

उरलेले दोन स्टार स्टॉपरचे आहेत. तो मी स्वतः केला. पांढऱ्या नायलॉनचा तुकडा लेथवर धरला, सळईच्या मापाचं भोक पाडलं, बाहेरची कड गोल केली आणि बाजूनं बारीक स्क्रू दिला. आता टोक ८ मिमीच्या पुढं जात नाही. दिवाळीला भाऊ येणार आहे, त्याच्याकडंही हेच मॉडेल आहे. त्याच्यासाठी दुसरा कॉलर करून ठेवलाय, आणि त्याच्या पाकिटातले चमचे आधी काढून घ्यायला वहिनींना फोनवर सांगितलंय.