हर्बरश्टाइनचा रशिया: मजकूर सोन्यासारखा, छपाई मात्र बघून घ्या

सिगिस्मुंड फॉन हर्बरश्टाइनच्या रशिया-वृत्तान्ताच्या इंग्रजी भाषांतराचं पुनर्मुद्रण ऑनलाइन मागवलं. दोन खंड, १,१५० रुपये, नवापूरला नवव्या दिवशी पोचले. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण हा माणूस मला कायम दुसऱ्यांच्या तळटीपांतच भेटायचा. पुस्तक हाती आलं आणि चार रात्री दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

हर्बरश्टाइन हा हॅब्सबर्गांचा, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा, वकील (राजदूत). १५१७ आणि १५२६ साली तो मॉस्कोला तिसऱ्या वासिलीच्या दरबारी गेला आणि १५४९ मध्ये लॅटिनमध्ये पुस्तक काढलं. रशियनच्याच कुळातली स्लोव्हेन भाषा लहानपणापासून बोलत असल्यामुळे रशियन लोकांशी त्याला थेट बोलता यायचं. त्यामुळे बारकावे भरपूर आहेत. परक्या पंथाच्या वकिलाने हात हातात घेतला की राजा नंतर हात धुतो, त्यासाठी बाजूला तस्त, झारी आणि पंचा तयार ठेवलेला. एवढ्या एका दृश्यात दोन्ही बाजूंचा संशय कळतो.

पण मी थांबलो तो लोहाराच्या गोष्टीपाशी. मॉस्कोतला एक जर्मन लोहार, बायको रशियन. ती एकदा म्हणाली, तुमचं माझ्यावर प्रेम नाही, कारण तुम्ही मला कधी मारलं नाहीत. त्याने मारायला सुरुवात केली, आणि शेवटी त्या बाईचा त्याच्याच हातून जीव गेला. मारणारा जर्मन, मेली ती रशियन बाई, आणि पुढे युरोपभर झालं काय, तर ‘रशियन बायकांना मार आवडतो’. एका घरातली हकिगत अख्ख्या समाजाचा स्वभाव होऊन बसली. वाचताना मला त्या बाईचं फार वाईट वाटलं.

हर्बरश्टाइन निदान शंका ठेवतो. लोक असे म्हणून राजा जुलमी झाला, की राजाच्या जुलमाने लोक असे झाले, हे त्याने उघडं सोडलं आहे. पुढच्यांनी ती शंकाच काढून टाकली. १६४७ मध्ये ओलेआरिअस हा जर्मन प्रवासी तर हे लोक गुलामीच्याच लायकीचे, असं ठामपणे लिहून मोकळा होतो. मधल्या काळात, १५९१ साली, इंग्रज वकील जाइल्स फ्लेचरचं पुस्तक आलं, आणि ते दाबायला लावलं ते इंग्रज व्यापाऱ्यांनीच. झार चिडला तर धंदा बुडेल ही त्यांना धास्ती.

मला हे जवळचं वाटतं, कारण आमचं नवापूरही असंच एका प्रवाशाच्या पुस्तकात आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाताना सतराव्या शतकातला फ्रेंच व्यापारी तावेर्निए याने इथल्या तांदळाबद्दल लिहिलं: दाणा बारीक, शिजला की बर्फासारखा पांढरा, वास कस्तुरीचा. ते मी वर्गात दरवर्षी अभिमानाने वाचून दाखवायचो. तो इथे किती थांबला, कोणाशी बोलला, हे पोरांना विचारायला लावायचं मला सुचलं नाही. १८८०च्या खानदेश गॅझेटियरमध्ये भिल्लांबद्दल जे लिहिलंय, ते वाचताना मात्र हेच प्रश्न मी तावातावाने विचारायचो, समोर त्यांचीच पोरं बसलेली असायची म्हणून. कौतुक करणाराही वाटसरूच होता. माझी आई साक्रीकडची. पाहुण्याने गावाला नावं ठेवली की ती म्हणायची, “दोन दिन ऱ्हायना नि त्याले गाव समजनं?” स्तुती करणाऱ्याला मात्र तिने असं कधी विचारलं नाही.

आता छपाईचं. कागद पांढराशुभ्र आणि चकचकीत, रात्री दिव्याखाली डोळ्यांवर येतो. तळटीपा पुसट, भिंगाशिवाय लागत नाहीत. दुसऱ्या खंडाची पानं तिसऱ्याच दिवशी सुटली. सगळ्यात मोठं दुखणं नकाशाचं: घडीचा नकाशा न उलगडताच स्कॅन केलाय, त्यामुळे अर्धी मस्कोवी (तेव्हाचा रशिया) घडीतच राहिली. विक्रेत्याला फोटो पाठवून तीन आठवडे झाले, उत्तर नाही. मजकुराला पाचपैकी पाच, छपाईला दोन.

नकाशा मी नेटवरून उतरवून घेतला, स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढला आणि पहिल्या खंडाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. आता उलगडला की व्होल्गा शेवटपर्यंत दिसते.