याहूची सूची आणि गूगलचा शोध

दोन्ही कंपन्यांचा उगम स्टॅनफर्ड विद्यापीठातला, तरी जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेले याहू मुळात शोधयंत्र नव्हतेच. ती माणसांनी विषयवार लावलेली संकेतस्थळांची सूची होती. खगोलशास्त्राची माहिती हवी असेल तर वाचक आधी विज्ञान, मग खगोलशास्त्र अशा पायऱ्या उतरत जाई आणि तिथे संपादकांनी निवडलेली मोजकी स्थळे त्याला सापडत. निवड विश्वासार्ह असे. पण इंटरनेटच्या जाळ्यावरील पानांची वाढ संपादकांच्या हाताबाहेर गेली, तेव्हा ही पद्धत लंगडी पडू लागली.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या गूगलने निवडीचे काम जणू जाळ्यावरच सोपवले. एखाद्या पानाकडे किती दुवे येतात, एवढेच न पाहता ते दुवे देणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, हेही पेजरँक ही गूगलची पानांचा क्रम ठरवणारी पद्धत मोजत असे. त्यामुळे पानावर तोच शब्द शंभरदा कोंबून वर चढण्याची तेव्हाची सर्रास चाललेली युक्ती बरीच बोथट झाली. अर्थात, दुव्यांचाही पुढे बाजार भरलाच.

माझ्या मते याहूची खरी चूक सूची बाळगण्यात नव्हती, तर शोधाला दुय्यम मानण्यात होती. २००० मध्ये याहूने आपल्या पानावरील शोधासाठी गूगललाच नेमले आणि प्रतिस्पर्ध्याला आयता वाचकवर्ग मिळवून दिला. २००४ मध्ये हा करार संपला, तोवर लोकांना थेट गूगलवर जाण्याची सवय जडली होती. सूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली.