ऑपरेशन थिएटरमधली (ओटीतली) चेकलिस्ट: फॉर्म, बोर्ड की ट्रेनिंग?

छोट्या हॉस्पिटलात सेफ्टी चेकलिस्ट सुरू करायची म्हटलं की पहिला प्रश्न, फॉर्म छापायचे का भिंतीवर बोर्ड लावायचा. यादी तीच, डब्ल्यूएचओची 2008 ची, 19 मुद्दे, थांबायचं तीनदा: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी.

फॉर्म फाईलला लागतो, एनएबीएचवाले, म्हणजे हॉस्पिटलचा दर्जा तपासणारे, आले की दाखवता येतो, उद्या कोर्टकचेरी झाली तरी हाताशी असतो. पण खरं सांगू का, फॉर्म बऱ्याचदा सिस्टर एकटीच भरते, तेही केस संपल्यावर, तिन्ही भागांवर पटापट टिका, तोवर सर्जन चहाला गेलेले. मॉप काउंट (रक्त टिपायच्या कापडांची मोजणी) बरोबर असं लिहिलेलं असतं, मोठ्याने मोजलेलं कोणी ऐकलेलं नसतं.

बोर्डाचं उलट, पुरावा काहीच राहत नाही पण वाचावं मोठ्यानेच लागतं. फ्लोअर सिस्टर (टेबलापासून लांब राहून बाकीचं बघणारी) विचारते "अँटिबायोटिक कधी दिलं?" आणि भूलतज्ज्ञांना तिथल्या तिथे वेळ सांगावी लागते, कारण ते मागच्या 60 मिनिटांत गेलेलं हवं. प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं याला लोक हसतात (रोजचीच तर माणसं!), पण भूलतज्ज्ञ दिवसाला तीन हॉस्पिटलं फिरतात आणि सिस्टर गेल्याच आठवड्यात जॉइन झालेली असते, तिचं तोंड एकदा उघडलं की "सर, डावा गुडघा ना?" विचारायला ती बिचकत नाही.

आकडे बघाल तर गोंधळायला होतं. दिल्लीसकट आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत यादी वापरल्यावर मृत्यू 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आले, हे 2009 मध्ये छापून आलं. मग 2014 मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियोच्या 101 हॉस्पिटलांचा अभ्यास आला, त्यात म्हणावा असा फरकच नाही. तिथे यादी किती पाळली याचे आकडे जाहीर करायची सक्ती होती आणि आकडे झकास होते, माझ्या मते टिकांचा रोग तिथेही असणार.

तिसरा पर्याय अख्ख्या टीमच्या ट्रेनिंगचा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या ज्या 74 हॉस्पिटलांनी तो घेतला तिथे मृत्यू 18 टक्के घटले, न घेतलेल्या 34 मध्ये 7 टक्के. पण त्यासाठी ओटी दिवसभर बंद ठेवून सर्जनसकट सगळ्यांना एकत्र बसवावं लागतं, आपल्याकडे व्हिजिटिंग सर्जन त्या दिवशी येतील का तुम्हीच बघा.

एक-दोन टेबलांची ओटी असेल तर मी बोर्डच घेईन, फॉर्मवर टिका बोर्ड वाचतानाच करायच्या, आणि वाचून होईपर्यंत स्क्रब सिस्टरने ब्लेड द्यायचं नाही, हे सर्जननेच आधी सगळ्यांसमोर सांगून ठेवायचं.